झाकणावरची पट्टी

“मावशी, यात बटाटा होता का हो?”

नवी नर्स डबा तिरका करून बघत होती. तिने डाव बुडवला, वर काढला, पुन्हा बुडवला. डावातून जे ओघळलं ते धड रस्साही नव्हतं आणि धड भाजीही नव्हती. गाजराचा लालसरपणा तेवढा कुठेकुठे दिसत होता, बाकी सगळ्याचा एकच लगदा. मटणाची हाडं मात्र धुऊन पुसून ठेवल्यासारखी स्वच्छ सुटून आली होती.

“होता ना,” मावशी म्हणाल्या. “चांगले मोठाले तुकडे केले होते.”

“गेले बिचारे,” स्ट्रेचरवाले मामा म्हणाले. “पण वाईट नाही हं. चावायची कटकट नाही. माझ्या कवळीला आज सुट्टी.”

सगळे हसले. मावशीही हसल्या. महिन्याचा शेवटचा शनिवार म्हणजे मावशींचा डबा, हा तिथला जुना शिरस्ता. शुक्रवारी घरी स्लो कुकरमध्ये शिजलेला रस्सा रात्रभर मुरून शनिवारी इस्पितळात यायचा आणि जेवणाच्या सुट्टीत पावाच्या तुकड्यांनी डबा असा काही पुसला जायचा की घासायचं काम उरायचं नाही. आज डबा अर्धा तसाच राहिला. कुणी तोंड वाकडं केलं नाही. “आज पोटच जरा जड आहे,” असं एकेक जण म्हणाला, आणि मावशींना तेच जास्त लागलं. माणसं खोटं बोलून सांभाळून घ्यायला लागली की समजायचं, प्रकरण हाताबाहेर गेलं.

कारण ही काही पहिली वेळ नव्हती. गेल्या महिन्यात वाटाण्यांचं पिठलं झालं होतं. त्याच्या आधी कोंबडीचा पत्ताच लागला नव्हता.

मोठ्या सर्जनपासून फरशी पुसणाऱ्या बाईंपर्यंत इस्पितळात सगळे त्यांना मावशीच म्हणत. त्यांचं काम तळमजल्यावरच्या वाफेच्या खोलीत. ऑपरेशन थिएटरमधून आलेल्या कात्र्या, चिमटे, वाट्या धुवायच्या, पुसायच्या, हिरव्या कापडात गठ्ठे बांधायचे, त्यावर चिकटपट्टी लावायची आणि गठ्ठे त्या कपाटाएवढ्या यंत्रात वाफेला लावायचे. वाफ नीट बसली की पट्टीवरच्या फिकट रेघा काळ्याकुट्ट होतात. मग गठ्ठा वर जातो. आणि यंत्र मध्येच उघडायचं नाही म्हणजे नाही. कितीही मोठा डॉक्टर खिडकीशी येऊन “मावशी, एकच कात्री हो,” म्हणून अजिजी करू दे, मावशी काचेमागून मान हलवायच्या. “वाफ माझं ऐकत नाही, साहेब. मलाच तिचं ऐकावं लागतं.” डॉक्टर चडफडत परत जायचे. पण आपल्या घरचं कुणी ऑपरेशनला असलं की हेच डॉक्टर हळूच विचारायचे, “आज खाली मावशीच आहेत ना?”

त्या शनिवारनंतरचा सोमवार. यंत्र थांबलं, मावशींनी दार उघडलं, गठ्ठे बाहेर काढले. रेघा काळ्या होत्या. वाफेच्या दाबाचा काटा जिथे हवा तिथे गेलेला त्यांनी स्वतः पाहिला होता. तरी त्या गठ्ठा हातात घेऊन उभ्याच राहिल्या. खरंच पाहिला होता ना? की कालचं आठवतंय? घरच्या भांड्यात बटाटा किती वेळात शिजतो हे जिला आता कळेनासं झालंय, तिच्या भरवशावर हा गठ्ठा वर पाठवायचा? त्यांनी सगळे गठ्ठे उचलले, नव्याने बांधले आणि पुन्हा वाफेला लावले.

वर थिएटरमध्ये खोळंबा झाला. सिस्टर खाली आल्या. “मावशी, पट्ट्या काळ्या नव्हत्या का झाल्या?”

“झाल्या होत्या.”

“मग?”

“मला खात्री वाटेना, सिस्टर.”

सिस्टर रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मावशींच्या खांद्यावर हात ठेवला. “थोडे दिवस रजा घ्या. पंपवाले गेल्यापासून तुम्ही एक दिवस स्वस्थ बसलेल्या नाहीत.”

पंपवाले म्हणजे मावशींचा नवरा. पाणीपुरवठ्याच्या पंपघरात त्यांची कायमची रात्रपाळी. मावशींची नोकरी दिवसाची. सकाळी ते सायकल भिंतीला लावायचे तेव्हा मावशी चपला घालत असायच्या. “पाणी आलं का?” मावशी विचारायच्या. “गावाला पाजून आलो,” ते म्हणायचे. एवढाच काय तो सकाळचा संसार. दुपारभर ते झोपायचे. संध्याकाळी मावशी घरी आल्यापासून ते कामावर निघेपर्यंतचा जो वेळ मिळायचा, तो सगळा चुलीपाशी जायचा. मावशी घामाघूम, मुलगी भुकेने रडकुंडीला आलेली, पंपवाले घड्याळाकडे बघत उभ्याउभ्या चार घास कोंबणारे. दिवसातली एकत्र अशी तेवढीच घटका, आणि तीही फोडणीच्या धुरात.

मग एकदा पंपवाले सायकलच्या कॅरियरला दोरीने एक खोकं बांधून घेऊन आले. आत मातीच्या रंगाचं, जाड बुडाचं, विजेवर चालणारं भांडं. वर काचेचं झाकण, खाली एक बटण. कमी आणि जास्त, बस्स.

“यात सकाळी सगळं टाकायचं आणि विसरून जायचं,” ते म्हणाले. “दिवसभर आपलं हळूहळू शिजत बसतं. तू आलीस की तयार. हळूबाई आहे ही.”

नाव पडलं ते पडलंच. “आज हळूबाईला काय घातलंस?” असं घरात विचारलं जायचं. आणि खरंच सांगायचं तर हळूबाईने त्या घराला संध्याकाळ आणून दिली. मावशी यायच्या, हातपाय धुवायच्या आणि सरळ पानावर बसायच्या. तिघं एकदम जेवायची. मुलगी शाळेतल्या बाईंची नक्कल करायची, पंपवाले हसता हसता ठसका लागून पाणी मागायचे, आणि गावाला पाणी पाजणाऱ्याला घरात पाणी द्यायला कुणी उठायचं नाही. जेवून वर गप्पा मारायला वेळ उरायचा. मावशींना आयुष्यातलं सुख दाखवा म्हटलं असतं तर त्यांनी दुसरं काही दाखवलं नसतं.

सुरुवातीला मात्र भांड्याने छळलं. संध्याकाळी बटाटे टणक, मटण रबरासारखं. झाकण उघडलं की साठलेली ऊब जाते, हे मावशींना कुणी शिकवायला नको होतं. त्याच कामाची तर भाकरी होती. त्यांनी नियम केला. दिवसा झाकणाला कुणी हात लावायचा नाही. नवऱ्याने गळ्याची शपथ घेतली, मुलीने देवाची. तरी बटाटे टणकच. मग मावशींनी इस्पितळात संपत आलेली, फेकून द्यायची चिकटपट्टीची रिळं घरी आणली आणि रोज सकाळी निघताना झाकणावर, गठ्ठ्याला लावावी तशी, आडवी पट्टी लावायला सुरुवात केली. संध्याकाळी पट्टी जिथल्या तिथे. म्हणजे माणसं खरी होती, भांडंच मठ्ठ होतं. मावशींनी बटण कमीवरून जास्तवर नेलं, आणि मग सगळं बेतशीर शिजायला लागलं. पंपवाले निवृत्त होऊन दिवसभर घरी राहायला लागल्यावर भांडं आणखीनच मंदावलं, तेव्हा मावशी सकाळी जरा लवकर उठून ते लावायला लागल्या. म्हातारपण काय माणसांनाच येतं?

पंपवाले गेले आणि कित्येक महिने हळूबाई फळीवर पडून होती. चहा आणि पाव यावर मावशींचं भागत होतं. पुढे एका शुक्रवारी त्यांनी धीर करून ती खाली काढली, नेहमीसारखं सगळं चिरलं, नेहमीएवढं पाणी घातलं, बटण जास्तवर, वर पट्टी. आणि तेव्हापासून हे लगद्याचं लचांड मागे लागलं होतं.

सोमवारी संध्याकाळी मुलीचा फोन आला. ती नेहमीचं बोलली. “आई, आता पुरे झालं. नोकरी सोड, घर दे भाड्याने, आणि इकडे ये. मागची खोली तुझीच आहे.”

एरवी मावशींचं उत्तर ठरलेलं असायचं. “माझ्या वाफेचं काय?” त्या दिवशी त्या म्हणाल्या, “येते.”

पलीकडे मुलगी चमकली. “काय झालं?”

“काही नाही. हात गेला माझा. अंदाज गेला. उद्या इस्पितळात काही चुकलं तर कुणाच्या तरी जिवाशी खेळ.”

मुलीने येत्या रविवारी सामान आवरायला यायचं ठरलं. फोन ठेवला, पण मावशींच्या मनात एक वेडी आशा होती. दोघींपैकी एक बिघडली होती, त्या तरी नाहीतर हळूबाई तरी. हळूबाई निघाली तर मावशी शाबूत. मंगळवारी काम सुटल्यावर त्यांनी भांडं पिशवीत घातलं आणि कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे नेलं.

दुकानात पंखे, इस्त्र्या, मिक्सर यांचे सांगाडे टांगलेले होते. “मटणाचा लगदा होतो?” दुरुस्तीवाल्याने भांडं उलटंसुलटं करून पाहिलं. “ठेवून जा. परवा या.”

गुरुवारी मावशी गेल्या तेव्हा भांडं काउंटरवर चकचकीत पुसून ठेवलेलं होतं. दुरुस्तीवाला खुशीत होता.

“मावशी, याला काही धाड भरलेली नाही. पाणी घालून दोन्ही दिवस चालवून बघितलं. जिथे तापायचं तिथेच तापतं. आपल्या दोघांपेक्षा ठणठणीत आहे.”

मावशींचा चेहरा पडला. “नीट बघितलंत ना?”

“भांडं चांगलं निघालं म्हणून नाराज झालेलं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघतोय,” तो म्हणाला. “लावता कशावर?”

“जास्तवर. सकाळपासून संध्याकाळपर्यंत.”

“मग लगदाच होणार! दिवसभर ठेवायचं असेल तर कमीवर ठेवायचं असतं.”

“कमीवर आमच्याकडे शिजत नाही. सुरुवातीला होतं कमीवर. बटाटे दगडासारखे राहायचे.”

“मग घरात कुणीतरी येताजाता झाकण उघडत असणार.”

“आमच्या घरात?” मावशींचा आवाज चढला. “इस्पितळातलं वाफेचं यंत्र सांभाळते मी. आमच्या झाकणाला पट्टी असते, पट्टी! रोज संध्याकाळी स्वतः बघायचे.”

“असेल बुवा,” दुरुस्तीवाल्याने हात जोडले. “मी आपलं सांगितलं. दोष भांड्यात नाही.”

म्हणजे कुणात, ते त्याने सांगायची गरज नव्हती. मावशी पिशवी घेऊन घरी आल्या, आणि त्या संध्याकाळी त्यांना नुसता चहाही गोड लागला नाही.

रविवारी मुलगी आली. दोघींनी मिळून कपाट उपसलं, पंपवाल्यांचे शर्ट बाजूला काढले, त्यांतला एक मावशींनी परत आत ठेवला. दुपारी स्वयंपाकघराची पाळी आली. मुलगी खाली फतकल मारून बसली आणि एकेक भांडं वर्तमानपत्रात गुंडाळायला लागली. हळूबाई हातात आल्यावर तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला.

“ही तर न्यायचीच.”

“नको. कुणाला तरी देऊन टाक. भांडं चांगलं आहे, मलाच जमत नाही आता. सगळ्याचा लगदा करते मी.”

“कमीवर ठेवून बघ ना मग.”

“तू पण तेच सांग! कमीवर बटाटे कसे राहायचे, विसरलीस? पाटीवर लिहिता आलं असतं त्यांनी.”

मुलीचा हात थांबला. तिने भांडं मांडीवर घेतलं. “अगं आई, पण आता बाबा नाहीत ना.”

“म्हणजे?”

“म्हणजे… बाबा झाकण उघडायचे ना.”

“कधी?”

“रोज!” मुलगी बघतच राहिली. “तुला खरंच माहीत नव्हतं? झोपायच्या आधी एकदा, उठले की एकदा, चहा ठेवताना एकदा, दाढी झाली की एकदा. मी शाळेतून आले की मग आम्ही दोघं मिळून. खायचे नाहीत हं, चमचासुद्धा बुडवायचे नाहीत. नुसतं झाकण वर धरून उभे राहायचे. चष्म्यावर वाफ यायची, मग आंधळ्यासारखे चाचपडत मला हाका मारायचे. हसून हसून पुरेवाट व्हायची माझी.”

“खोटं,” मावशी म्हणाल्या. “पट्टी असायची.”

“नवीन लावायचो. रीळ फडताळातच तर असायचं. कात्री तू उंच ठेवायचीस, म्हणून मी दातांनी तोडायचे. तुकडा तिरका तुटला की बाबा म्हणायचे, हा नको, तुझी आई लगेच ओळखेल, दुसरा तोड.”

मावशींनी फडताळाकडे पाहिलं. रिळं भराभर संपायची खरी. दमट हवेने रिळातली पट्टी आतल्या आत चिकटून वाया जात असेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं होतं. थिएटरच्या सर्जनला खिडकीवरून परत पाठवणारी बाई, आणि तिच्याच स्वयंपाकघरात रोज दिवसाढवळ्या ही चोरी!

“आणि मला सांगावंसं नाही वाटलं तुला?”

“बाबांनी शपथ घातली होती. मोठी झाल्यावर वाटलं, तुला माहीतच असेल, तू मुद्दाम डोळेझाक करत असशील. तुझ्या नजरेतून कधी काही सुटलंय?”

“पण का? भूक लागायची तर काढून खायचं होतं. मी काय नाही म्हटलं असतं?”

मुलगी भांड्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. “मी विचारलं होतं एकदा. म्हणाले, भूक नाही गं. तुझी आई कामावर गेली की घर कसं भकास वाटतं. झाकण उघडलं, तो वास सुटला, की ती आत स्वयंपाकघरात आहे असं वाटतं. मग मला बरं झोपता येतं.”

मावशींना आधी राग आला, चांगलाच आला. “खोटारडा माणूस!” त्या म्हणाल्या. “गळ्याची शपथ घेतली होती माझ्या!” मग त्यांना ते तिरके तुकडे आणि वाफाळलेला चष्मा दिसला आणि हसू फुटलं. हसता हसता केव्हा रडायला लागल्या ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. माणूस गेल्यावर इतके दिवस त्या नीट रडल्या नव्हत्या. मुलगी उठून जवळ आली, आणि मावशी तिच्या खांद्यावर डोकं टेकून मोकळेपणी रडल्या.

“मी आपली हळूबाईला नावं ठेवत राहिले,” डोळे पुसत त्या म्हणाल्या. “बटण वाढवलं, लवकर उठायला लागले. सगळं यांच्यासाठी करत होते होय!”

“बरोबर करत होतीस की. तुझा अंदाज कधी चुकलाच नाही, आई. बाबा धरून केलेला होता तो, एवढंच.”

मुलीने मांडीवरून खाली ठेवलेलं भांडं मावशींनी उचलून ओट्यावर ठेवलं, मग गुंडाळलेल्या एका भांड्याचा कागद काढला आणि नीट घडी करून ठेवला. मग दुसऱ्या भांड्याचा कागद काढला. मग तिसऱ्या.

“हे काय?” मुलीने विचारलं.

“हे काय म्हणजे? लाव सगळं जागच्या जागी. आणि उद्या मला कामावर जायचंय.”

मुलीने वाद घालून पाहिला, पण तिलाही ठाऊक होतं, काचेमागून मान हलली की हलली. संध्याकाळी ती रिकामी खोकी घेऊन परत गेली.

सोमवारी यंत्र थांबलं, रेघा काळ्या झाल्या होत्या, आणि मावशींनी गठ्ठे वर पाठवले. परत वळून पाहिलंसुद्धा नाही. घरी हळूबाई कमीवर लागायला लागली. पहिल्या दिवशी झाकण काढलं तर बटाटा बटाट्यासारखा, गाजर गाजरासारखं, मटण मऊ पण आपल्या जागी. इतकं नेटकं त्या भांड्यात पूर्वी कधी शिजलं नव्हतं. मावशींना तो पहिला घास गिळायला जड गेला. त्यात काही उणं नव्हतं, हेच त्यातलं उणं होतं. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी डबा चाटूनपुसून साफ झाला. “मावशी, हात परत आला की!” स्ट्रेचरवाले मामा म्हणाले. “गेला कुठे होता?” मावशी म्हणाल्या आणि डबा बंद केला.

रविवारची गोष्ट मात्र वेगळी असते. रविवारी मावशी सकाळीच सगळं चिरून भांड्यात टाकतात आणि बटण पार जास्तवर नेऊन ठेवतात. झाकणावर आडवी पट्टी लावतात. मग कपडे, झाडलोट, जरा आडवं होणं. दुपार कलली की घर गप्प होतं. पंपघरातून येऊन झोपलेला माणूस ज्या वेळेला उठायचा, साधारण ती वेळ. मावशी स्वयंपाकघरात येतात, इकडेतिकडे बघतात, पट्टी सोडवतात आणि झाकण वर धरून उभ्या राहतात. वाफ त्यांच्याही चष्म्यावर येते. काही दिसत नाही. घरभर वास सुटतो.

मग त्या झाकण ठेवतात, फडताळातून चाचपडत रीळ काढतात, दातांनी एक तुकडा तोडतात. तिरका तुटला तर तो टाकून दुसरा तोडतात, आणि कुणाला कळू नये असा, अगदी सरळ, झाकणावर लावतात.